मथुरेचं निमित्त कशाला?

ताई, नमस्कार.

मी सांगलीचा. एसटीत एकतीस वर्षं स्टेअरिंग धरलं, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आता वय ६१. स्वतःची गाडी कधी घेतली नाही, आता घ्यायचीही नाही. पण दिल्लीला गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, ऑटो एक्स्पो, ते एकदा डोळ्यांनी बघायचं हे डेपोत असल्यापासून मनात आहे. दर वेळी ड्यूटी आडवी आली. आता मोकळा आहे. पुढच्या खेपेला जायचंच म्हणून अठरा हजार बाजूला काढलेत, पोस्टाच्या खात्यात. घरात कुणाला माहीत नाही.

पोराजवळ नुसता विषय काढला तर म्हणाला, "पप्पा, यूट्यूबला सगळं दिसतंय की. गाडी घ्यायची नाही तर एवढ्या लांब बघायला कशाला?" तो चाकणला गाड्यांच्याच कंपनीत आहे. बायकोला सांगायची छाती होत नाही. ती एकदा म्हणाली होती, साऱ्या महाराष्ट्राला फिरवलंत, मला तेवढं कुठं नेलं नाही. म्हणून असं ठरवलंय की मथुरा-वृंदावनला जातो म्हणून सांगायचं. डेपोतले दोन जुने सोबती बरोबर आहेत म्हणायचं. आपली गोवा एक्स्प्रेस मथुरेवरूनच जाते. देवाला जातोय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? येताना पेढे आणले की झालं.

हे बरोबर आहे का? आणि दुसरं, या वयात झोप लागत नाही एवढी ओढ लागणं बरं आहे का? कॅलेंडरवर महिने मोजतो. हसू नका.

— एक निवृत्त चालक, सांगली

भाऊ, नमस्कार.

हसू नका म्हणालात, पण हसले. ओढीला नाही, पेढ्यांना हसले. दिल्लीला मोटारी बघून परतताना मथुरेच्या फलाटावर घाईघाईनं पेढ्यांचे पुडे घेणारा माणूस डोळ्यांपुढं आला. एकतीस वर्षं एसटी वेळेवर नेणाऱ्यानं आखलेलं वेळापत्रक आहे, त्यात चूक निघायची नाही. तरी सांगते, ही गाडी पंक्चर होणार, आणि सांगली स्टेशनच्या आतच.

मथुरेला निघालेल्या माणसाला आपल्याकडे गल्ली नुसती जाऊ देत नाही. शेजारच्या काकू अकरा रुपये हातावर ठेवतील, माझ्या नावानं देवापुढं ठेवा म्हणून. कुणी तुळशीची माळ सांगेल, कुणी यमुनेचं पाणी. ते अकरा रुपये तुम्ही कुठं ठेवणार, ट्रकच्या बंपरवर? परत आल्यावर बायका विचारणार, बांकेबिहारीचं दर्शन कसं झालं? वृंदावनच्या त्या देवळात मूर्तीपुढचा पडदा दर थोड्या वेळानं ओढतात आणि पुन्हा उघडतात. सलग बघत उभं राहू देत नाहीत. गेलेल्याला ते आधी आठवतं. तुम्हाला कुणी पडद्याचं विचारलं तर तुम्ही म्हणाल, हो, निळा होता. गेलं सगळं.

तेही निभावून न्याल एकवेळ. एसटीच्या माणसाला प्रवाशांची समजूत काढायची सवय असते. पण पहिला प्रश्न घरातूनच येणार आहे, त्याचं उत्तर तुमच्या पत्रात कुठं सापडलं नाही. वहिनी म्हणाल्या, "मी पण येते," तर?

सोबत्यांचं तुम्ही रचून ठेवलंय, म्हणजे हा प्रश्न तुम्हालाही दिसलाय. 'आम्ही तिघं पुरुष आहोत, तू कुठं येतेस' असं म्हणायचं असणार. भाऊ, तुमच्या पत्रातली सगळ्यात जड ओळ ऑटो एक्स्पोची नाही. 'मला तेवढं कुठं नेलं नाही' ही आहे. तुम्ही ती मधेच टाकलीत, एका वाक्यात, आणि पुढं निघून गेलात. त्यांना सोडून मोटारी बघायला गेलात तर त्या चार दिवस फुगतील. पण त्यांना सोडून मथुरेला गेलात, तर? आषाढीला तुमची जादा गाडी पंढरपूरला लागायची, दिवाळीला पुण्याच्या फेऱ्या वाढायच्या. त्या काळात त्या एकट्या घरी होत्या आणि तुम्ही दुसऱ्यांच्या बायकापोरांना देवाला नेत होता. त्याला इलाज नव्हता, त्यांनाही ते कळत असणार. पण आता ड्यूटी नाही, चार्ट नाही, तरी देवाला एकटेच. हे नंतर उघडं पडलं नाही तरी त्यांना बोचेल. उघडं पडलं तर काय होईल ते मी लिहीत नाही.

तेव्हा मथुरा सोडा. सरळ सांगा.

कसं सांगायचं त्याची धास्ती वाटत असेल तर एक करा. पोस्टाचं पासबुक त्यांच्या हातात द्या. 'गाड्यांचं प्रदर्शन बघायचंय, त्यासाठी एवढे साठवलेत' एवढंच म्हणा आणि गप्प बसा. पुढचं भाषण तयार करू नका. पैसे लपवल्याबद्दल ऐकून घ्यावं लागेल, ते ऐकून घ्या, कारण तेवढं खरंच चुकलंय. मग विचारा, येतेस का? हा प्रश्न उत्तर आधीच ठरवून विचारू नका. कदाचित त्या म्हणतील, मला मोटारींत काय कळतंय, मी मथुरेला उतरते, तुम्ही या जाऊन. कदाचित म्हणतील, दोघं दिल्ली बघू. आणि असंही होईल की त्या म्हणतील, तुम्ही जा बाबा, मला घरात आठ दिवस कुणाचा डबा नको नि चहा नको. त्यांना ते हवं असेल तर रुसायचं नाही.

आता ओढीचं.

माझे वडील साताऱ्याच्या स्कूटर कारखान्यात होते, जिथं 'प्रिया' बनायची. असेंब्लीवर हयात गेली. १९९८ च्या जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत टाटांनी इंडिका पहिल्यांदा दाखवली, त्याची वर्तमानपत्रातली बातमी त्यांनी कापून पाकिटात ठेवली होती. स्कूटरवाल्याला मोटारीचं काय एवढं, असं आई म्हणायची. ते म्हणायचे, अगं, आख्खी गाडी आपल्या माणसांनी कागदावरून उभी केली. बातमीची घडी पडून पडून मधली ओळ पुसून गेली तरी ती पाकिटात होती. जायचं जमलं ते थेट २००८ ला, निवृत्तीनंतर. मी बरोबर होते. निघायच्या आठ दिवस आधी त्यांनी शर्टाला इस्त्री करून ठेवली आणि रोज संध्याकाळी ती मोडली नाही ना बघायचे. पासष्ट वर्षांचा माणूस. तेव्हा मला ते जरा जास्तच वाटायचं. आता वाटतं, त्या दहा वर्षांत त्यांनी ते प्रदर्शन किती वेळा बघितलं असेल, प्रत्यक्षात फक्त एकदा.

त्या वर्षी १० जानेवारीला नॅनो लोकांपुढं आली. लाखाची गाडी. सगळी दिल्ली तिथंच लोटली असावी. आम्ही गेलो त्या दिवशी टाटाच्या मंडपाकडं पाऊल ठेवायला जागा नव्हती. वडील उंचीनं बेताचे. टाचा उंचावून, माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "दिसली." काय दिसलं विचारलं तर म्हणाले, छप्पर. आणि समाधानानं मागं फिरले.

पण पुढचं मला जास्त लक्षात राहिलंय. दुसऱ्या एका मंडपात कोपऱ्यात गिअरबॉक्स मांडला होता, मधोमध कापून आतलं दिसेल असा, कापलेल्या कडा लाल रंगवलेल्या. लहानशी मोटर लावून तो हळूहळू फिरवत होते. गर्दी शून्य. वडील तिथं थांबले ते थांबलेच. एकदा बोट पुढं गेलं आणि दातापर्यंत पोचायच्या आत आपोआप मागं आलं. फिरत्या मशीनला हात लावायचा नाही, ही कारखान्यातली सवय. स्टॉलवरचा टाय लावलेला पोरगा हे बघत होता. तो जवळ आला, म्हणाला, "अंकल, किस प्लांट में थे?" त्यानं 'प्लांटमध्ये होता का' असं नाही विचारलं. बोट मागं येताना बघूनच त्याला कळलं होतं. अर्धा तास दोघं बोलत होते, वडिलांचं हिंदी म्हणजे क्रियापद मराठी. मी पायऱ्यांवर बसून पायातले नवे बूट काढले, दोन्ही टाचांना फोड आले होते.

तर ओढ बरी का, तर बरी. झोप उडते म्हणता, ती ओढीनं उडत नसावी. घरात लपवाछपवी चाललीय त्यानं उडत असावी. पासबुक दिलंत की झोपेचं बघा आणि मला कळवा.

पोरावर रागावू नका. दिवसभर हलवायाच्या दुकानात बसणाऱ्याला लाडवाचं कौतुक नसतं. आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. जिनिव्हाचं प्रदर्शन १९०५ पासूनचं, जगभर नावाजलेलं, तेही २०२४ च्या खेपेनंतर बंद पडलं. आपल्याकडे २०२३ च्या एक्स्पोत महिंद्रा नव्हती, स्कोडा-फोक्सवॅगन नव्हत्या, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी नव्हत्या. कंपन्यांनाही वाटू लागलंय की स्वतःच कार्यक्रम करावा, मोबाइलवर दाखवावा, कोट्यवधींचा मंडप कशाला. महिंद्रा २०२५ ला परत आली, तेव्हा काट्याचं माप अजून हलतंय. म्हणजे तुम्ही जाल तेव्हा तुमच्या मनातली एखादी कंपनी तिथं नसेल. जायच्या आधी कोण कोण येणार ते बघून घ्या, म्हणजे हिरमोड व्हायचा नाही.

पण 'गाडी घ्यायची नाही तर बघायची कशाला' हे मात्र मला पटत नाही, आणि सांगली जिल्ह्यात तर मुळीच नाही. तुमच्याच जिल्ह्यात, देवराष्ट्र्यात, दत्तात्रय लोहारांनी भंगारातून जीप उभी केली. दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी चारचाकी. खर्च साठ हजारांच्या घरात. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ बघितला, आणि पुढच्या महिन्यात ती गाडी घेऊन लोहारांना बोलेरो दिली. कुठल्या बाजारात जाऊन घ्यायची म्हणून का त्यांनी गाड्या न्याहाळल्या असतील? ज्याला यंत्राची भूक आहे तो यंत्र बघणारच. पोराला हे वादासाठी नका सांगू. चहा पिताना सहज सांगा.

आणि यूट्यूबवर काय दिसत नाही ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? दार लावताना हाताला किती जड लागतं, सीटवर बसल्यावर नजर कुठवर जाते, काचेच्या कडेचा खांब कुठला कोपरा खातो. वळणावर त्या खांबाआड आख्खा मोटारसायकलवाला लपतो हे तुम्ही घाटात बघितलंय. हल्ली गाड्या जास्त मजबूत व्हाव्यात म्हणून हे खांब जाड झालेत. एखाद्या गाडीत बसायला मिळालं की सीट आधी तुमच्या मापानं लावा, आरसे लावा, मग मान न हलवता किती दिसतं आणि हलवून किती दिसतं ते बघा. तिथं बहुतेक लोक सीटवर बसून स्वतःचा फोटो काढतात आणि उतरतात. तुम्ही एसीचं बटण शोधा. बटण आहे, की पडद्यावर तीन वेळा बोट लावायला लागतं? रस्त्यावरची नजर किती वेळ निघते, हे मनात मोजा. कुठल्याही माहितीपत्रकात हा आकडा नसतो.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर तिथं जाऊन फसल्यासारखं वाटेल. मधल्या उंच मंचावर, भिंगरीवर फिरणारी, दिव्यांत न्हायलेली जी गाडी असते ती बऱ्याचदा विकायची नसतेच. संकल्पना गाडी. पुढं काय करायचा विचार आहे हे दाखवायला केलेला नमुना. काचा काळ्या, कारण आत कधी कधी काहीच नसतं. मंचावर चढण्यापुरती चालते. लोकांना काय आवडतं ते कंपनी त्यावरून जोखते, आणि रस्त्यावर येईपर्यंत चाकं लहान होतात, आरसे मोठे होतात, दाराला साधी कडी लागते. टाटांनी २०२० च्या एक्स्पोत सिएराची अशी संकल्पना दाखवली होती. लोकांनी लगेच जुन्या नव्वदीतल्या सिएराची आठवण काढली. बाजारात ती आली २०२५ च्या नोव्हेंबरात. तेव्हा भिंगरीवरच्या गाडीला नमस्कार करून पुढं जा, तिच्यासाठी तास घालवू नका.

तास घालवायचा तो ट्रक-बसकडं. टाटा, अशोक लेलँड, आयशर यांचं मोठं सामान तिथं असतं आणि गर्दी निम्म्याहून कमी. तुम्ही शेवटची काही वर्षं कुठली गाडी चालवलीत ते लिहिलं नाहीत, पण इलेक्ट्रिक बस चालवली नसावी. एसटीची शिवाई १ जून २०२२ ला सुरू झाली, पुणे-अहमदनगर. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला त्याच रस्त्यावर धावली होती म्हणून तो दिवस धरला. सांगलीच्या चालकाला ती नुसती बाहेरून दिसली असणार. एक्स्पोत तिच्या जातीच्या बसची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, उघडी बघायला मिळेल. इंजिन शोधायला खाली वाकाल तर सापडायचं नाही. बॅटऱ्या कुठं बसवल्यात ते बघा, कुणी तळाला घालतं, कुणी मागं, कुणी छपरावर. तळाला असल्या की वजन खाली राहतं, वळणावर गाडी कमी झुकते. छपरावर असल्या तर काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणि एक प्रश्न खिशात घेऊन जा. माझा भाचा बसच्या दुरुस्तीच्या कामात आहे, त्यानं मला हे समजावलं. आंबा घाट उतरताना तुम्ही गाडी खालच्या गिअरला टाकायचात, इंजिनच गाडीला धरून ठेवायचं, ब्रेक तापू द्यायचे नाहीत. इलेक्ट्रिक गाडीत ते काम मोटर करते. उताराला पाय उचलला की मोटर उलटं काम करू लागते, चाकं तिला फिरवतात, ती वीज तयार करते, ती वीज बॅटरीत जाते आणि गाडी आवरली जाते. म्हणजे घाट उतरताना टाकी भरते. ऐकायला झकास. पण बॅटरी घाटमाथ्यावरच काठोकाठ भरलेली असेल तर? वीज ठेवायची कुठं? मग ती मोटर गाडीला तेवढं धरत नाही, आणि सगळा भार पुन्हा ब्रेकवर. याच्यावर प्रत्येक कंपनीनं काही ना काही तोड काढलेली असते. ती काय, हे स्टॉलवर विचारा. 'मी एकतीस वर्षं घाट उतरलोय' हे आधी सांगा, मग प्रश्न टाका. समोरचा पोरगा छापील उत्तर देऊ लागला तर शांतपणे म्हणा, तुमचे इंजिनीअर साहेब आहेत का? ते आतून येतील. माझं ऐका, तिथं मंडपात बसलेल्या इंजिनीअरला दिवसभर 'मायलेज किती' आणि 'कधी येणार' याखेरीज कुणी काही विचारत नाही. तुमचा प्रश्न ऐकून तो खुर्ची देईल.

सुट्या भागांचंही वेगळं प्रदर्शन असतं, ब्रेक, स्प्रिंगा, क्लच, दिवे. तुम्हाला ते गाड्यांपेक्षा जास्त आवडेल अशी माझी अटकळ आहे. पण ते एकाच आवारात असेल असं धरू नका. १९८६ ला एक्स्पो सुरू झाला तेव्हा प्रगती मैदानावरच भरायचा. २०१४ पासून गाड्या ग्रेटर नोएडाला गेल्या. २०२५ ला तो भारत मोबिलिटी नावाच्या मोठ्या मेळाव्यात धरला, तेव्हा गाड्या प्रगती मैदानावरच्या भारत मंडपममध्ये, सुटे भाग द्वारकेच्या यशोभूमीत, आणि जेसीबीसारखी बांधकामाची यंत्रं ग्रेटर नोएडात. तीन टोकं आहेत ही. दिल्लीत एका टोकावरून दुसऱ्याला जाणं म्हणजे सांगलीहून साताऱ्याला जाण्याइतकाच वैताग. तेव्हा तारखा जाहीर झाल्या की कुठं काय आहे ते पोराकडून मोबाइलवर काढून घ्या. तेवढंच त्याला काम. प्रवेशाचंही तोच बघेल. २०२५ ला नाव नोंदवून फुकट होता, २०२३ ला तिकीट होतं. पहिले दिवस पत्रकारांचे आणि व्यापाऱ्यांचे असतात, आपल्याला सोडत नाहीत. सर्वांसाठी खुल्या दिवसांतला शनिवार-रविवार टाळा. सकाळी दार उघडायच्या आधी उभे राहा, दुपारी दोननंतर पाय राहत नाहीत आणि बसायला जागा नसते. बूट जुनेच घाला. हे मी टाचांच्या अनुभवानं सांगते.

राहायचं तर मेट्रोच्या निळ्या मार्गावर, करोल बागेच्या आसपास बघा. तिथून भारत मंडपमला सरळ जाता येतं. स्टेशनचं जुनं नाव प्रगती मैदान, आता सुप्रीम कोर्ट. रिक्षावाला जुन्या नावाला ओळखतो, मेट्रोची पाटी नव्याला.

रेल्वेचं आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखे चार महिने मिळत नाहीत. तेव्हा तुमच्या त्या कॅलेंडरवर गाडीनं निघायच्या तारखेपेक्षा साठ दिवस आधीचा दिवस लाल करा. ज्येष्ठांची सवलत २०२० मध्ये गेली ती गेलीच, पण खालच्या बर्थचा कोटा आहे, साठीच्या पुढच्या पुरुषांना आणि पंचेचाळीसच्या पुढच्या बायकांना. म्हणजे तुम्ही दोघं निघालात तर दोघांनाही मागता येईल. अठरा हजारांत एकट्याचं ऐटीत होईल, दोघांचं काटकसरीनं. वहिनी आल्या आणि मथुरेला उतरायचं ठरलं तर येताना उतरा, जाताना नको. थंडीत दिल्लीकडं धुकं पडतं, गाड्या पाच-पाच, सात-सात तास रखडतात. जाताना उतरलात आणि पुढची गाडी धुक्यात अडकली तर प्रदर्शनाचा दिवस हातचा जाईल आणि त्याचं खापर देवावर फुटेल. येताना उशीर झाला तर झाला, घरी कोण बायोमेट्रिक लावून बसलंय?

वहिनी मोटारींच्या मंडपात आल्याच तर त्यांना दिवसभर गिअरबॉक्सपाशी उभं करू नका. दोन तास पुरे. चाणक्यपुरीला रेल्वेचं संग्रहालय आहे, जुनी इंजिनं उघड्यावर मांडलीत, बसायला झाडं आहेत, तिथं दोघांनाही बरं वाटेल. आणि एक दिवस जास्तीचा काढता आला तर गुरुग्रामच्या पुढं तावडूला वाहतुकीचं संग्रहालय आहे. बैलगाड्यांपासून मोटारींपर्यंत आणि आख्ख्या विमानापर्यंत. बस आहेत, ट्रक आहेत. तिथं गर्दी नसते, भिंगरी नसते, काळ्या काचा नसतात. खरं तर एक्स्पोपेक्षा मला तेच जास्त आवडलं होतं, पण हे आता सांगून तुमच्या तोंडची चव घालवत नाही.

कानटोपी आणि मफलर दोन्ही न्या. सांगलीची थंडी आणि तिथली पहाट यात फार फरक आहे. डोक्याला रुमाल बांधून भागणार नाही. माहितीपत्रकं ठेवायला कापडी पिशवी न्या, कागदी पिशव्या बाहेर पडेपर्यंत फाटतात. आणि भडंग दुप्पट घ्या. मनमाडच्या आत संपतं.